एकच मिश्रण, पूर्ण सत्र: काँक्रीटच्या लॅबमधून खरंच काही शिकायचं असेल तर

सिव्हिलच्या काँक्रीट लॅबचं वेळापत्रक सगळीकडे साधारण सारखंच असतं. एका आठवड्यात सिमेंटची कन्सिस्टन्सी (ठरावीक घट्टपणाच्या लगद्याला किती पाणी लागतं), दुसऱ्यात सेटिंग टाइम (लगदा घट्ट व्हायला लागणारा वेळ), मग वाळूची चाळणी, खडीचं इम्पॅक्ट (ठोके खाऊन दगड किती फुटतो), स्लम्प (ओलं काँक्रीट किती खचतं), आणि सत्र संपत आलं की क्यूब, म्हणजे ताकद मोजायला फोडायचे काँक्रीटचे ठोकळे. प्रत्येकाला जर्नलमध्ये वेगळं पान, वेगळा निष्कर्ष, वेगळी सही. गोम इथेच आहे. ज्या सिमेंटची कन्सिस्टन्सी काढली, ते सिमेंट क्यूबमध्ये जात नाही. ज्या वाळूचं पाणीशोषण मोजलं, तिचा आकडा मिक्स डिझाइनमध्ये, म्हणजे मिश्रणातली प्रमाणं ठरवण्याच्या हिशेबात, कोणी वापरत नाही, तिथे पुस्तकातला आकडा येतो. मग ऑगस्टमधल्या रीडिंगचा ऑक्टोबरमधल्या क्यूबशी काय संबंध, हे व्हायवात विचारलं की वर्ग गप्प.

यावर माझा उपाय साधा आहे. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या बॅचने एक मिश्रण ठरवावं आणि सगळी प्रॅक्टिकल त्यालाच बांधावीत. अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, जादा तासही लागत नाहीत. फक्त माल एक ठेवावा लागतो आणि वही नीट ठेवावी लागते. उदाहरणासाठी इथे एम २५ (२८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीचं काँक्रीट) घेतलं आहे: २० मिमी खडी, क्रश सँड, ५३ ग्रेड ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट), मध्यम म्हणजे ‘मॉडरेट’ परिस्थितीतलं आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचं) काम आणि ७५ मिमी स्लम्प. साइटवर ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन) वापरतात, पण पहिलं मिश्रण त्याच्याशिवाय करा. पाण्याचा हिशेब समजण्याआधी ॲडमिक्श्चर आलं की तो कधीच समजत नाही.

कामाला लागण्याआधी: कॅलेंडर आणि माल

आधी कॅलेंडर काढा. २८ ला ७ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे प्रॅक्टिकलच्या दिवशी ओतलेला क्यूब ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी बरोबर प्रॅक्टिकलच्याच दिवशी फोडायला येतो. मात्र तो दिवस गणपतीच्या, दिवाळीच्या किंवा इंटर्नल परीक्षेच्या सुट्टीत जात नाही ना, हे ओतण्याआधी बघायचं. ३१ दिवसांनी फोडलेला क्यूब २८ दिवसांचा म्हणून लिहिणं ही लॅबमधली सर्वांत जुनी थाप असावी. साचे दुसऱ्या दिवशी उघडायचे असतात, त्या दिवशी लॅब तुमची नसते. कोण येणार ते बॅचमध्ये आधीच ठरवा आणि लॅबच्या मामांना सांगून ठेवा. किल्ली त्यांच्याकडे असते, आणि क्युअरिंग टँकमध्ये (क्यूब भिजत ठेवायच्या टाकीत) कुठल्या कोपऱ्यात कोणाचे क्यूब आहेत हेही त्यांनाच ठाऊक असतं.

सिमेंट एकाच गोणीतलं, पूर्ण सत्राला पुरेल एवढं काढून हवाबंद डब्यात भरा. पावसाळ्यात उघडी गोणी काही आठवड्यांत गुठळ्या धरते. डब्यावर कंपनी, प्रकार आणि गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडा लिहा. प्रकार नीट वाचा, कारण बाजारात पीपीसी (फ्लाय ॲशसारखी राख मिसळलेलं सिमेंट) सर्रास मिळतं. त्याची घनता ओपीसीपेक्षा कमी असते, त्यामुळे डिझाइनमध्ये ३.१५ हा ओपीसीच्या विशिष्ट गुरुत्वाचा (पाण्याच्या किती पट जड) आकडा डोळे झाकून टाकला तर घनफळाचा सगळा हिशेब सरकतो. ले शॅटेलिएरच्या बाटलीत रॉकेल घालून विशिष्ट गुरुत्व काढण्याचं प्रॅक्टिकल बरेच जण कंटाळवाणं समजतात. तो आकडा इथे लागतो.

वाळू आणि खडीही एकाच ढिगातली, सत्राला पुरेल इतकी बाजूला काढून झाकून ठेवा.

सिमेंट

कन्सिस्टन्सीसाठी ४०० ग्रॅम सिमेंट, विकॅट उपकरणाचा १० मिमी व्यासाचा प्लंजर (दांडा), आणि तो तळापासून ५ ते ७ मिमीवर थांबेल इतकं पाणी. पाणी घातल्यापासून साचा भरेपर्यंत ३ ते ५ मिनिटं. दर वेळी नवीन सिमेंट घ्यायचं. पहिल्याच लगद्यात थोडं थोडं पाणी वाढवत नेलं की काम पटकन होतं, पण तोवर सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया सुरू झालेली असते आणि मिळणारी टक्केवारी खोटी असते.

सेटिंग टाइमला कन्सिस्टन्सीच्या ०.८५ पट पाणी आणि १ चौ. मिमीची सुई. मानकात प्राथमिक सेटिंग टाइम किमान ३० मिनिटं आहे, म्हणून जर्नलांमध्ये ‘३५ मिनिटं’, ‘४० मिनिटं’ अशी उत्तरं भरलेली दिसतात. आजच्या सिमेंटला सहसा याहून बराच जास्त वेळ लागतो, कित्येकदा दोन तासांच्या प्रॅक्टिकलहूनही जास्त. सकाळच्या बॅचने लगदा करून दुपारच्या बॅचला सोपवणं हाच खरा मार्ग. रीडिंग अर्धवट राहिलं तर अर्धवटच लिहा. ‘११० मिनिटांपर्यंत सुई तळाशी पोहोचत होती’ हीसुद्धा माहितीच आहे.

७०.६ मिमीच्या मॉर्टर क्यूबसाठी २०० ग्रॅम सिमेंट आणि ६०० ग्रॅम प्रमाणित एन्नोर (तमिळनाडू) वाळू लागते. ती तीन आकारांत येते आणि तिन्ही समान घ्यायचे असतात. पाणी एकूण वजनाच्या (पी/४ + ३) टक्के. यातला ‘पी’ म्हणजे तुमचीच कन्सिस्टन्सी. ती चुकली असेल तर इथे बिंग फुटतं.

खडी आणि क्रश सँड: इथे वेळ घालवा

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात खडी म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट. चांगल्या खाणीतला घट्ट दगड इम्पॅक्टच्या चाचणीत, म्हणजे ३८० मिमीवरून पडणाऱ्या हातोड्याचे १५ ठोके खाऊन, पृष्ठभागाच्या कामासाठी असलेल्या ३० टक्क्यांच्या मर्यादेच्या बराच खाली राहतो. पण सगळा बेसाल्ट सारखा नसतो. भोकं असलेला किंवा त्या भोकांत पांढरे झिओलाइटचे खडे भरलेला दगडही खडीत मिसळून येतो, आणि तो पाणी जास्त पितो. खडी ट्रेमध्ये पसरून हाताने निवडा, असे दगड किती निघतात ते वजनाने लिहा. हे कुठल्याही प्रॅक्टिकलच्या यादीत नसतं, तरी करा.

क्रश सँडची चाळणी करताना ४.७५ मिमीपासून १५० मायक्रॉनपर्यंतच्या चाळण्या लागतात आणि त्यावरून झोन, म्हणजे वाळूचा जाड-बारीकपणाचा वर्ग, ठरतो. ७५ मायक्रॉनखालची भुकटी मात्र कोरडं चाळून कळत नाही, ती मोठ्या कणांना चिकटून राहते. वाळू धुऊन, वाळवून, पुन्हा तोलावी लागते. आयएस ३८३ हे वाळू-खडीचं भारतीय मानक नदीच्या वाळूत ही भुकटी ३ टक्क्यांपर्यंत आणि क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेते. फरक मोठा आहे आणि त्याचा स्लम्पवर सरळ परिणाम होतो. चाळताना मास्क लावा. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

आता पाणीशोषण. त्यासाठी वाळू ‘एसएसडी’ स्थितीत आणावी लागते: कण आतून पाणी प्यायलेले, बाहेरून कोरडे. नदीच्या वाळूत हे डोळ्यांना आणि हाताला कळतं. क्रश सँडमधली भुकटी ओलावा धरून ठेवते, कण एकमेकांना चिकटतात, आणि नेमकी कोणती अवस्था एसएसडी यावर बॅचमध्ये भांडण लागतं. भांडा, पण तीन वेगळे नमुने करा आणि तिन्ही आकडे लिहा. पिक्नोमीटरमध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर विशिष्ट गुरुत्व कमी येतं, म्हणून बाटली तिरकी धरून गोल फिरवत बुडबुडे काढा, घाई करू नका.

मिक्स डिझाइन: कागदावरचं काम

आयएस १०२६२ या मिक्स डिझाइनच्या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीप्रमाणे टार्गेट स्ट्रेंग्थ (सरासरी किती ताकद यायला हवी) दोन रीतींनी काढून मोठी घ्यायची. एम २५ साठी २५ + १.६५ × ४ = ३१.६ (४ हे मानकाने धरलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे निकालांचा चढउतार), आणि २५ + ५.५ = ३०.५ (५.५ ही मानकातली ठरावीक भर). म्हणून ३१.६ न्यूटन प्रति चौ. मिमी. हा १.६५ कुठून आला, हा व्हायवातला हमखास प्रश्न. शंभरांतले पाचच निकाल २५ च्या खाली जावेत, एवढी सरासरी वर ठेवण्यासाठी तो आहे.

२० मिमी खडीला ५० मिमी स्लम्पसाठी १८६ किलो पाणी, पुढच्या २५ मिमीला ३ टक्के वाढ, म्हणजे सुमारे १९२ किलो. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या मानकाप्रमाणे मॉडरेट परिस्थितीत आरसीसीसाठी पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० च्या वर जाता कामा नये आणि सिमेंट किमान ३०० किलो हवं. ०.५० धरलं तर सिमेंट ३८४ किलो. हवा १ टक्का. उरलेलं ०.६७६ घनमीटर घनफळ वाळू आणि खडीचं. झोन २ च्या वाळूला खडीचा वाटा ०.६२. खडीचं विशिष्ट गुरुत्व २.८५ आणि वाळूचं २.७५ आलं असेल, तर एका घनमीटरला खडी ११९५ किलो आणि वाळू ७०६ किलो. विशिष्ट गुरुत्वाचे आकडे तुमच्या वहीतले घाला. माझे फक्त हिशेब दाखवण्यापुरते आहेत.

सहा क्यूब आणि सांडलवंड धरून २५ लिटरचा घाणा करू. सिमेंट ९.६ किलो, पाणी ४.८ किलो, वाळू १७.६५ किलो, खडी २९.८८ किलो. वाळू-खडीची ही वजनं एसएसडी स्थितीतली आहेत, हे विसरलात तर पुढचं सगळं वाया.

ओलाव्याची दुरुस्ती

सत्रातली एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ही शिका. समजा वाळूचं पाणीशोषण ३ टक्के आणि खडीचं १.५ टक्के निघालं. एप्रिलमध्ये लॅबमधल्या वाळूत ओलावा १ टक्का आणि खडीत ०.५ टक्का. म्हणजे वाळू २ टक्के आणि खडी १ टक्का पाणी पिणार. वरची वजनं तशीच घेऊन ४.८ किलो पाणी ओतलं, तर साधारण ०.६५ किलो पाणी वाळू-खडीच्या पोटात जाईल आणि सिमेंटच्या वाट्याला ४.१५ किलो येईल. गुणोत्तर ०.४३. मिश्रण सुकं पडतं, कोणीतरी ‘थोडं मारा रे पाणी’ म्हणतं, मग न मोजता पाणी पडतं आणि डिझाइन तिथेच संपतं.

जुलैत उलटं. शेडबाहेर भिजलेल्या वाळूत ६ टक्के ओलावा, खडीत २ टक्के. तीच वजनं, तेच ४.८ किलो पाणी. आता वाळू-खडीच आपल्यासोबत जवळपास ०.६५ किलो मोकळं पाणी घेऊन येते. गुणोत्तर ०.५७. कागदावर मिश्रण एकच, पण एका मोसमात ०.४३ आणि दुसऱ्यात ०.५७. दोन्हींची स्ट्रेंग्थ सारखी येईल अशी अपेक्षा करणं चूक, आणि क्यूब फुटल्यावर सिमेंट कंपनीला दोष देणं त्याहून चूक.

दुरुस्ती अशी. ओतण्याआधी वाळू-खडीचा नमुना तोलून १०५ ते ११० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा आणि ओलावा काढा. एसएसडी वजनातून कोरडं वजन काढा: १७.६५ भागिले १.०३ म्हणजे १७.१४ किलो. त्यात आजचा ओलावा मिळवा. १ टक्का असेल तर १७.३१ किलो वाळू तोलायची, आणि उरलेले ०.३४ किलो पाण्यात जोडायचे. खडीचंही तसंच: २९.५८ किलो तोलायची, ०.२९ किलो पाणी जोडायचं. एकूण पाणी ४.८ ऐवजी सुमारे ५.४४ किलो. ओल्या वाळूला हाच हिशेब उलट चालतो, वाळू जास्त आणि पाणी कमी. ओव्हनला २४ तास लागतात ही अडचण खरी आहे. त्यामुळे आदल्या दिवशी नमुना काढून उरलेली वाळू-खडी प्लास्टिकखाली झाकून ठेवा, म्हणजे रात्रीत ओलावा बदलत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. कोरडी खडी मिक्सरमध्ये काही मिनिटांत पूर्ण शोषण करत नाही, ते पुढे चालू राहतं. म्हणून हिशेबातल्या पाण्यापैकी थोडं आधी खडी-वाळूवर टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. नाहीतर सुरुवातीला स्लम्प चांगला दिसतो आणि साचे भरेपर्यंत उतरतो.

कालवणं, स्लम्प, साचे

हाताने कालवत असाल तर ट्रे आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. सिमेंट आणि वाळू कोरडीच एकरंगी होईपर्यंत, मग खडी, मग पाणी. मिक्सरमध्ये करत असाल तर पहिल्या घाण्याचं बरंच मॉर्टर (सिमेंट-वाळूचा लगदा) ड्रमला चिकटतं. आधी थोडंसं तसलंच मिश्रण फिरवून टाकून द्या. हातमोजे घाला. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं, कातडी भाजल्यासारखी सोलते, आणि ते संध्याकाळी कळतं.

स्लम्पचा शंकू ३०० मिमी उंच, खाली २००, वर १००. प्रत्येक थराला १६ मिमीच्या रॉडचे २५ ठोके. थर किती, याबाबत जुनी जर्नलं आणि आयएस ११९९ ची सुधारित आवृत्ती यांत फरक आहे. सिनियरच्या जर्नलमधून उतरवू नका, लायब्ररीतून मानक काढून वाचा. शंकू सरळ वर उचला, पिळून नाही. ढीग एका बाजूला घसरला तर ते रीडिंग धरू नका, पुन्हा करा. पुन्हाही घसरला तर मिश्रणात चिकटपणा कमी आहे, तसं लिहा. ७५ ऐवजी ५० आला तर ५० लिहा. पाणी वाढवून ७५ करू नका.

साच्यांचे बोल्ट आवळून आतून तेलाचा पातळ हात फिरवा. तेल कोपऱ्यात साचलं तर क्यूबचे कोपरे कच्चे राहतात. १५० मिमीचा साचा साधारण ५० मिमीच्या तीन थरांत भरा, प्रत्येक थराला किमान ३५ ठोके, कोपऱ्यांतही. टेबल व्हायब्रेटर असेल तर वर मलईसारखा थर येऊ लागला की थांबा. थापीने वरची बाजू सपाट करा आणि ओलं गोणपाट झाका. नंबर खिळ्याने कोरू नका, साचा उघडल्यावर रंगाने लिहा: तारीख, बॅच, क्रमांक.

पाणी मिसळल्यापासून २४ तासांनी साचे उघडून क्यूब टँकमध्ये. पाणी २७ ± २ अंश आणि दर ७ दिवसांनी बदललेलं. विदर्भातल्या मे महिन्यात शेडमधल्या उघड्या टँकचं तापमान किती होतं, ते एकदा थर्मामीटर बुडवून बघाच.

फोडण्याचा दिवस

क्यूब पाण्यातून काढून पुसा आणि ओला असतानाच फोडा. आधी तोला. वरच्या मिश्रणाच्या क्यूबचं वजन ८.३६ किलोच्या आसपास यायला हवं. एखादा ७.९ भरला तर आत पोकळी आहे. ढोबळमानाने १ टक्का पोकळीमागे ५ टक्क्यांच्या आसपास स्ट्रेंग्थ जाते, त्यामुळे हा क्यूब कमी देणार हे फोडण्याआधीच कळतं.

सीटीएममध्ये (क्यूब दाबून फोडायच्या यंत्रात) क्यूब आडवा ठेवा, थापीने सपाट केलेली बाजू वर किंवा खाली येता कामा नये. प्लेटवरचा आधीच्या क्यूबचा कचरा झाडून काढा, क्यूब मध्यावर आणा, जाळीचं दार लावा, डोळ्यांवर गॉगल. भार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौ. मिमी या गतीने, म्हणजे १५० च्या क्यूबला सेकंदाला सुमारे ५.२५ किलोन्यूटन. ‘लवकर आटप’ म्हणून गती वाढवली की आकडा फुगतो. यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं ते त्यावरच्या स्टिकरवर बघा आणि ती तारीख वहीत लिहा.

फुटलेला क्यूब लगेच टाकू नका. चारही बाजू सारख्या सुटून मध्ये डमरूचा आकार उरला तर चाचणी नीट झाली. एकच कोपरा उडाला असेल तर क्यूब मध्यावर नव्हता किंवा प्लेट नीट टेकली नव्हती. तुटलेल्या पृष्ठभागात खडीही फुटली आहे का, की फक्त खडीभोवतालचा लगदा सुटला आहे, तेही बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

समजा भार ७०२, ७३८ आणि ७२५ किलोन्यूटन आले. २२,५०० चौ. मिमीने भागलं की ३१.२, ३२.८ आणि ३२.२. सरासरी ३२.१. एकही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून दूर नाही, म्हणून तिन्ही ग्राह्य. ही सरासरी ३१.६ शी ताडून बघायची, २५ शी नाही. २७ आले म्हणून ‘एम २५ पास’ असं अनेक जर्नलांत लिहिलेलं असतं. ट्रायल मिक्ससाठी ते नापासच आहे. ७ दिवसांचा आकडा ओपीसीला साधारण २८ दिवसांच्या दोन-तृतीयांश असतो, पीपीसी त्याहून मागे राहतं.

वही आणि रजिस्टर

जर्नल सबमिशनसाठी असतं, ते सुवाच्य करा. रीडिंगची वही वेगळी ठेवा: पेनने, तारीख-वेळेसह, चुकलं तर एक रेघ मारून वर खरा आकडा, खोडरबर नाही. आकडा ज्या क्षणी काट्यावर दिसला त्याच क्षणी लिहायचा. हिशेब नंतर.

शिक्षकांना एक विनंती करून बघा. सगळ्या बॅचनी एकच मिश्रण केलं तर वर्गाचे निकाल एकत्र करून स्टँडर्ड डेव्हिएशन काढता येतं. आयएस ४५६ ला त्यासाठी किमान ३० नमुने हवेत, आणि तीन क्यूबचा मिळून एक नमुना, त्यामुळे एका वर्षात तेवढे होत नाहीत. पण लॅबमध्ये एक रजिस्टर ठेवलं आणि दर वर्षीच्या मुलांनी त्यात भर घातली, तर काही वर्षांत ४ हा पुस्तकी आकडा टाकून स्वतःच्या लॅबचा आकडा वापरता येईल. तो ४ पेक्षा मोठा निघण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

पुढच्या सत्रात माती

हीच पद्धत जिओटेकच्या (माती तपासायच्या) लॅबमध्ये काळ्या मातीला लावा. एकाच खड्ड्यातून पुरेशी माती आणा. लिक्विड लिमिट आणि प्लास्टिक लिमिट (किती पाण्याला माती पातळ होते, किती पाण्याला वळता येते), फ्री स्वेल (माती किती फुगते), प्रॉक्टर (किती पाण्याला ती ठोकून सर्वांत घट्ट बसते) आणि सीबीआर (रस्त्याखाली ती किती भार पेलते), सगळं तिच्यावरच. फ्री स्वेलमध्ये १० ग्रॅम माती पाण्यात आणि १० ग्रॅम रॉकेलमध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी दोन्ही नळ्यांमधला फरक दिसला की खेड्यातल्या घरांच्या भिंती का तडकतात याला वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही. प्रॉक्टरला प्रत्येक बिंदूसाठी नवी माती घ्या आणि पाणी मिसळून एक रात्र झाकून ठेवा, कारण काळी माती पाणी सावकाश घेते. सीबीआरचा साचा ४ दिवस पाण्यात ठेवावा लागतो, म्हणून गुरुवारच्या बॅचने तो गुरुवारी बुडवला तर सोमवारी काढावा लागेल. तेव्हा सोमवारी लॅब कोणत्या बॅचची आहे, ते आधीच विचारून ठेवा.